प्रश्न चौथा : रानबोकड व टाचणी

बाईंच्या पायांत कॅनव्हासचे बूट असत. हे आधीच सांगून टाकते, कारण नाशकात त्यांच्याविषयी कुणीही बोलायला लागलं की पहिल्यांदा बुटांवर यायचं आणि बहुतेक तिथेच थांबायचं. नऊवारी लुगडं, डोक्यावरून पदर, हातात काळी छत्री, खांद्याला पट्ट्यानं अडकवलेली पत्र्याची डबी, आणि खाली हे पांढरे, म्हणजे एकेकाळी पांढरे असलेले, पुरुषी बूट. गंगेवर धुणं धुणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत. (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात.) "त्या बघा, बुटाच्या बाई निघाल्या!" असं कुणी म्हटलं की बाई थांबून मागे वळायच्या. "बूट बघितलेस ना? आता त्यावरचा चिखल बघ. हा आनंदवल्लीचा आहे, इथला नाही. इथला इतका चिकटत नाही." आणि चालू लागायच्या. चिडवणारीची सगळी मजाच जायची.

ही एकोणीसशे तीसनंतरची गोष्ट. मुलींची शाळा होती आमची, नदीपासून हाकेच्या अंतरावर. बाई तिथे सृष्टिज्ञान शिकवत आणि मी चित्रकला आणि शिवण. त्या पन्नाशी ओलांडलेल्या, मी वीस वर्षांची, विंचूरहून आलेली, वेणीचा अंबाडा घालायला नुकती शिकलेली. त्या शाळेतल्या सगळ्यांत जुन्या, मी सगळ्यांत नवी. मला एक वर्षाच्या बोलीवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरचा रस्ता.

बाईंचं एक वाक्य होतं. ते त्या मुलींना ऐकवत, मला ऐकवत, भाजीवालीला ऐकवत. "बघितलंस की वाचलंस?" एका मुलीनं निबंधात लिहिलं, 'आकाशात ढग पाहून मोर आनंदाने नाचू लागतो.' बाईंनी वहीवर लाल शाईनं विचारलं, 'बघितलास?' मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, नाही. मग शून्य. त्याच मुलीनं पुढच्या खेपेला लिहिलं, 'आमच्या न्हाणीघरात एक पाल आहे. ती दिव्याच्या उजव्या बाजूलाच बसते.' तिला दहापैकी नऊ. "एक गुण का कापलात?" मी विचारलं. "उजवी कुणाची, पालीची की तिची, ते लिहिलं नाही," बाई म्हणाल्या.

एकदा शाळा तपासायला साहेब आले आणि मुंगी किती उद्योगी असते यावर मुलींपुढे छानसं बोलले. बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी अगदी आदरानं विचारलं, "आपण बघितलंत की वाचलंत?" मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, कपाळाला हात लावला. साहेब भले होते, हसले. पण ती गोष्ट शाळेच्या मंडळातल्या लोकांपर्यंत गेली आणि तिथे कुणी हसलं नाही.

त्यांचं स्वतःचं लग्न आठव्या वर्षी झालं होतं आणि दहाव्या वर्षी नवरा वारला. सासरी जाणं झालंच नाही. कुणी हळहळून विषय काढला की त्या कोरडेपणानं म्हणत, "मी तो संसार बघितलेला नाही. त्यावर मी काय बोलणार?" हे ऐकून मी हसले होते आणि मग दिवसभर मला वाईट वाटत राहिलं होतं.

बाईंच्या वर्गात भिंतीवर एक शिंगांचं मुंडकं होतं. देवळालीच्या छावणीतला कुणी गोरा कप्तान विलायतेला परत जाताना ते शाळेला देऊन गेला होता. हिमालयातला रानबोकड, त्यानंच मारलेला. लांब मागे वळलेली शिंगं, दाढी, काचेचे डोळे. मुली त्याला कॅप्टनसाहेब म्हणत. आमच्या शिपायानं एका वर्षी खंडेनवमीच्या भरात फळा, घंटा आणि शिलाईचं यंत्र यांच्याबरोबर कॅप्टनसाहेबालाही हळदकुंकू लावलं. ते कुंकू दाढीवर सांडलं आणि कधी पुरतं निघालं नाही. बाईंचं त्या मुंडक्याशी जरा वाकडं होतं. "नुसतं डोकं आणून दिलंय मेल्यानं. रानबोकडाचं खरं काम पायांत. पाय कुठायत?" असं त्या दर वर्षी नव्या वर्गापुढे म्हणायच्या. एवढ्या जिवंतपणे म्हणायच्या की मुली भिंतीकडे बघून खाली पाय शोधायच्या.

आणि जीव होता तो टाचण्यांवर. चतुर सगळ्यांना ठाऊक असतो, पाण्यावर घिरट्या घालणारा, बसला की पंख पसरून बसणारा. टाचणी ही त्याची धाकटी बहीण म्हणा. सुईएवढी बारीक, निळी नाहीतर तांबडी, आणि बसली की पंख पाठीवर मिटून घेणारी. सोमेश्वराच्या बाजूला नदीकाठी गवतात बाई तासन् तास बसत. मेलेली टाचणी सापडली तर तेवढीच उचलत, जिवंत कधी धरत नसत. मग जुन्या कागदाचा त्रिकोणी तुकडा घ्यायचा, दुमडून पुडी करायची, टाचणी आत ठेवायची, पुडी पत्र्याच्या डबीत. कागद कुठलाही चाले. वाण्याची यादी, नातेवाइकांची पत्रं, जुन्या प्रश्नपत्रिका. "कागदाला दोन बाजू असतात. लोक एकच वापरतात," म्हणायच्या.

आता माझ्या पापाकडे येते.

त्या वेळी आमच्या शाळेत प्रश्नपत्रिका छापखान्यात देत नसत. फुटेल अशी भीती. शाळेत एक पत्र्याचं पसरट तबक होतं. त्यात सरस आणि ग्लिसरीन शिजवून ओतायचं. थिजलं की अगदी खरवस! मग एका कागदावर दाट जांभळ्या शाईनं पत्रिका लिहायची, तो कागद त्या खरवसावर पालथा दाबून ठेवायचा, अक्षरं त्यात उतरायची, आणि मग कोरे कागद एकामागून एक त्यावर ठेवून प्रती काढायच्या. तीसेक चांगल्या निघत, पुढच्या फिकट. माझं अक्षर चांगलं, म्हणून हे काम माझ्या गळ्यात. परीक्षेच्या दिवसांत माझी बोटं पंधरा पंधरा दिवस जांभळी असत. जेवताना भातसुद्धा जांभळा दिसायचा.

सहावीच्या सृष्टिज्ञानाची पत्रिका उतरवायला घेतली त्या दुपारी विंचूरहून अण्णांचं पत्र आलं. अण्णा माझे वडील, तिथे पोस्टात होते. पत्रात लिहिलं होतं की इगतपुरीचं स्थळ आलंय, रेल्वेत आहे, बिजवर आहे, दोन मुलं आहेत, पण माणूस चांगला. 'तुझं वर्ष भरत आलं. मंडळानं तुला कायम केलं तर मी शब्द पाळीन, तुला बोलणार नाही. नाही केलं तर मात्र घरी यायचं, आणि आम्ही म्हणू तिथे मुकाट्यानं उभं राहायचं.' अण्णा वाईट नव्हते. मला मुळात शिकू दिलं, नोकरीवर पाठवलं, त्यावरून भाऊबंदांची बोलणी खाल्ली. त्यांनी आणखी किती करायचं? पण ते पत्र मी तीनदा वाचलं आणि मग लेखणी हातात घेतली.

बाईंच्या कागदावर असं होतं. प्रश्न चौथा : रानबोकड व पाळीव बोकड यांची तुलना करा. प्रश्न पाचवा : चतुर व टाचणी यांची तुलना करा. मी लिहिलं 'रानबोकड व', लेखणी दौतीत बुडवली, वर बघितलं, आणि डोळा खालच्या ओळीवर पडला. पुढे लिहिलं, 'टाचणी यांची तुलना करा.' मग सहावा प्रश्न आला, त्याला सरळ पाच आकडा दिला. कागद पालथा दाबला. चाळीस प्रती काढल्या. अक्षर सुरेख आलं होतं हो, तेवढं मात्र खरं.

परीक्षेला पहारा माझाच. अर्धा तास झाला असेल. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, काही भिंतीवरच्या कॅप्टनसाहेबाकडे बघायला लागल्या. सकीना उभी राहिली. मेनरोडच्या मागे बांगड्यांचं दुकान होतं त्या मणेराची ही मुलगी, अबोल, पण डोळ्यांनी सगळं टिपणारी. "बाई, चौथा प्रश्न बरोबर आहे?"

मी वाचला आणि मग पत्रिका पहिल्यापासून पुन्हा वाचली. वर लिहिलेलं होतं, 'खालीलपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा.' आणि खाली प्रश्न होते मोजून पाच. म्हणजे सोडून देण्याचीही सोय नाही!

शिपायाला पाठवून बाईंना बोलावलं. त्या आल्या, चष्मा पुसला, पत्रिका वाचली. मग माझ्या बोटांकडे बघितलं. मी हात पदरात घेतला. मग त्यांनी भिंतीवरच्या मुंडक्याकडे बघितलं, बराच वेळ. आणि मुलींना म्हणाल्या, "बरोबर आहे. जे बघितलं असेल ते लिहा."

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्या मागे धावले. "बाई, माझ्या हातून..."

"प्रश्न माझा आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या पेपरात आहे ना? मग माझा. आणि वर्गाला घातलेल्या प्रश्नाचं उत्तर बाईला येत नाही, हे काही बरं नव्हे. उद्या सकाळी चल. बूट नसतील, तर निदान वहाणा घट्ट घाल."

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही चामरलेण्याच्या डोंगराकडे टांग्यानं गेलो. पायथ्याशी एक म्हातारी शेरडं घेऊन बसली होती, आणि तिची एक काळी शेळी वर, जिथे कातळाला नुसती रेघ आहे अशा ठिकाणी उभी राहून पाला खात होती. बाईंनी खालच्या एका शेळीचा पाय हातात घेतला आणि खूर उलटसुलट करून बघायला लागल्या.

"बाई, तिचा पाय दुखत नाय," म्हातारी म्हणाली.

"दुखत नाही म्हणूनच बघतेय. ती वरची तिथं चढली कशी?"

"चढती. तिला खाली बघायचं ठावं नाय. लय हट्टी हाय ती."

"आणि तू चढतेस तिच्या मागे?"

"मी? मी खाली उभी ऱ्हाते न् शिव्या देते!"

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग त्यांनी मला खूर दाखवला. दोन फाका, कड टणक, आत मऊ. कड कातळाला धरते, मऊ भाग चिकटतो. त्यांनी स्वतःचा एक बूट काढून त्याचा तळवा शेळीच्या खुराशेजारी धरून बघितला आणि नापसंतीनं परत घातला. म्हातारीनं माझ्याकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं. मी मान हलवली, की नाही, तसं काही नाही.

तिथून सोमेश्वराला, नदीवर. ऊन चढलं होतं. एका गवताच्या टोकावर निळी टाचणी बसली होती. बाईंनी हलकेच फुंकर घातली. ती उडाली, एक फेरी मारली आणि परत त्याच टोकावर. पुन्हा फुंकर, पुन्हा तेच. शेजारी गवताची शेकडो पाती होती. पाचव्यांदा बाई म्हणाल्या, "बघतेस ना?"

मला एकदम रडू आलं आणि मी इगतपुरीचं सगळं सांगून टाकलं. अण्णांचं पत्र, बिजवर, मुलं, कायम होणं न होणं. बाई टाचणीवरची नजर न काढता ऐकत होत्या.

"तो माणूस बघितलास?"

"नाही."

"मग त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. चांगला असेल बिचारा. इगतपुरी मी बघितलीय. चार महिने लुगडं वाळत नाही." जरा वेळानं म्हणाल्या, "तुला जायचंय?"

"नाही," मी म्हटलं. तोपर्यंत हे मी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

"बरं," बाई म्हणाल्या, आणि पुन्हा फुंकर घातली.

इकडे गावात बोभाटा झाला होता. एका बड्या घरची मुलगी घरी जाऊन रडली. तिच्या वडिलांनी पत्रिका मंडळाच्या चिटणिसांकडे नेऊन दिली. चिटणीस वकील होते, जाडजूड, आणि त्यांना कुठल्याही गोष्टीचा कागद लागत असे. आठवड्यानं मंडळाची बैठक ठरली. त्याच बैठकीत माझं कायम होणं ठरायचं होतं, आणि मोठ्या बाई त्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या, तेव्हा नवी मुख्याध्यापिकाही ठरायची होती. ती जागा बाईंचीच होती. सगळी शाळा ते धरून चालली होती, आणि बाईसुद्धा. मनात मुलींसाठी नदीकाठी वर्ग भरवायचा बेत होता त्यांच्या. त्याचा नकाशा त्यांनी माझ्याकडून काढून घेतला होता, कुठल्या झाडाखाली कुठली इयत्ता बसेल तो.

म्हणजे एका प्रश्नावर आम्हा दोघींचं सगळं टांगलेलं होतं. चूक माझी ठरली तर मी घरी, प्रश्न बाईंचा ठरला तर त्यांची जागा गेली; एकीलाच वाचता येणार होतं, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असणारच.

बैठकीला मी जांभळी बोटं पदरात लपवून बसले. बाई शेजारी, डबी मांडीवर.

"बाई, हा काय प्रश्न आहे?" चिटणिसांनी पत्रिका वर धरली.

"चौथा."

"ते मला दिसतंय! रानबोकड कुठे, टाचणी कुठे? एक पहाडावरचं जनावर, एक डबक्यावरचा किडा. तुलना सारख्या गोष्टींची करतात."

"सारख्या गोष्टींची करून काय मिळतं? त्या सारख्या आहेत हे आधीच ठाऊक असतं."

"हे मुलींना कळणार?"

"काहींना कळलंय. मला आठवडा लागला."

चिटणिसांनी नजर माझ्याकडे वळवली. "अक्षर या बाईंचं आहे. उतरवून घेताना काही चूक झाली असेल तर आत्ताच सांगा. तुमचा मूळ कागद कुठाय, बाई?"

"त्याच्या पुड्या केल्या," बाई म्हणाल्या. डबी उघडून एक त्रिकोणी पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. आत निळी टाचणी. कागद बाईंच्याच पत्रिकेचा होता. 'पाळीव बोकड यां' एवढी अक्षरं मला उलटी असूनही वाचता आली. चिटणीस वाकून बघायला लागले. पण ते कागद कशाला बघतात? त्यांनी आयुष्यात टाचणी एवढ्या जवळून बघितलेली नव्हती.

"मेलेली आहे का ही?" त्यांनी विचारलं.

"हो. फुंकू नका."

त्या क्षणी मी तोंड उघडलं. "चूक..." एवढा शब्द आलाही. टेबलाखाली बाईंचा बूट माझ्या पायावर पडला. चुकून लागलेला नव्हे, टाच रोवून. मी गप्प बसले. आज वाटतं की बुटामुळे गप्प बसले असं सांगत राहणं हे खोटं आहे. मला गप्प बसायचंच होतं. बुटानं सोय झाली.

"एक उत्तर वाचते," बाई म्हणाल्या आणि सकीनाचा पेपर काढला. बाकीच्या मुलींनी काय काय लिहिलं होतं! रानबोकडाला दाढी असते, टाचणीला नसते. रानबोकड ओरडतो, टाचणी सोशिक असते. सकीनानं असं लिहिलं होतं :

'रानबोकड व टाचणी यांच्यात फरक पुष्कळ आहेत. ते कोणालाही दिसतात. मी रानबोकड पाहिलेला नाही, फक्त त्याचे डोके पाहिले आहे. म्हणून आमच्या गल्लीतल्या बकरीवरून लिहिते. ती पडक्या भिंतीवर चारी पाय एका विटेवर ठेवून उभी राहते. टाचणी गवताच्या टोकावर बसते. दोघींना उभे राहायला फार थोडी जागा लागते. परंतु ती जागा त्या स्वतः निवडतात.'

बाईंनी कागद खाली ठेवला. मी पदरातल्या पदरात बोटं आवळून बसले होते. चिटणिसांनी विचारलं, "कुणाची मुलगी?"

"मणेराची. बांगड्यांचं दुकान आहे."

"हं," चिटणीस म्हणाले.

प्रश्न कायम राहिला. मार्क कायम राहिले. मला कायम केलं, त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. मग शेवटचा विषय निघाला आणि चिटणीस घसा साफ करून म्हणाले की बाईंचं ज्ञान वादातीत आहे, पण शाळेच्या प्रमुखाला जरा पोच हवी, असले विक्षिप्त प्रकार शोभत नाहीत, तेव्हा पुण्याहून एका अनुभवी बाईंना आणावं असं मंडळाचं मत आहे.

बाईंनी एवढंच विचारलं, "त्यांना नदी आवडते का?"

मी अण्णांना पत्र टाकलं. अण्णांनी शब्द पाळला, इगतपुरीला नकार कळवला. पुढे मी लग्न केलंही, माझ्या मर्जीनं आणि बऱ्याच उशिरा, पण ते इथे कशाला? बाई आणखी एक वर्ष शाळेत होत्या. पुण्याच्या बाई चांगल्या होत्या, पण नदीवर त्यांना सर्दी होई. वर्षअखेरीला बाईंनी काम सोडलं आणि पंचवटीत माडीवरची एक खोली घेऊन राहिल्या. मी दर रविवारी जायची. दार उघडलं की पहिलं वाक्य, "अगं, नववं सापडलं!" म्हणजे रानबोकड आणि टाचणीतलं नववं साम्य. चूक झाकायला घेतलेल्या गोष्टीचा त्यांना नादच लागला होता. दोघांचेही डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. दोघांतले नर जागेवरून भांडतात. दोघांनाही आजवर कुणी पाळलेलं नाही. हे सगळं एका वहीत, आकडे घालून. मी हसायची, आणि मग कधीतरी हसणं थांबवून म्हणायची, "बाई, त्या दिवशी खरं म्हणजे मी..."

"प्रश्न माझा आहे," बाई म्हणायच्या. "चहा टाक."

तीनदा म्हणून बघितलं मी. तिन्ही वेळा चहा टाकला.

मग एका उन्हाळ्यात त्या बद्रीकेदारला निघाल्या. सगळ्या आळीला नवल, कारण बाई कुणाला कधी देवळात दिसल्या नव्हत्या. मी नाशिकरोडला गाडीवर पोचवायला गेले. यात्रेकरूंचा घोळका, वळकट्या, टाळ, आणि मध्ये हे बूट. नवे घेतले होते त्यांनी, एकदम पांढरे. मला ते ओळखीचेच वाटेनात.

"देवाला चाललात बाई?"

"देव वाटेत भेटला तर नमस्कार करीन. मी पाय बघायला चाललेय."

दीड महिन्यानं कार्ड आलं. अक्षर थरथरलेलं, पण ओळी सरळ. माझ्याजवळ आहे अजून.

'काल बघितला. समोरच्या कड्यावर. खेचरवाल्याने दाखवला. शिंगे आपल्या कॅप्टनसाहेबासारखी नाहीत, आखूड आहेत, तेव्हा जात निराळी असावी. पण पाय बघितले. चारी पाय एका दगडावर, आणि दगड माझ्या बुटाएवढा. सकीनाला सांग, तिला दिलेले दहा बरोबर होते. साम्य एकविसावे. प्रश्न चौथा पुरा झाला. पाचवा राहिला आहे : पाळीव बोकड व चतुर. तो तुझा. घाई नाही.'

मी ते कार्ड शिवणाच्या तासाला वाचलं आणि मुलींसमोर ढसाढसा रडले. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही, चुकूनसुद्धा, दाखवलं नव्हतं की मी नेमके कोणते शब्द गाळले ते त्यांना पाठ आहेत. संध्याकाळी सकीनाकडे गेले. ती दुकानात एका नवरीच्या हातात चुडा भरत होती. तिनं हातातलं काम पुरं केलं, कार्ड घेतलं, दोनदा वाचलं. "म्हणजे बाईंनी खरंच बघितला," ती म्हणाली आणि डोळे पुसले.

बाई परत आल्या नाहीत. उतरताना वाटेत ताप भरला आणि दोन दिवसांत संपल्या. बरोबरच्या मंडळींनी पत्र्याची डबी तेवढी आणून दिली. बूट आणले नाहीत. पायातलं कुणी आणत नाही, त्यांचं काही चुकलं नाही. पण मला बूट हवे होते हो. त्यांच्यावरचा चिखल बघायचा होता.

पुष्कळ वर्षांनी मी त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाले. तोपर्यंत ते खरवसाचं तबक अडगळीत गेलं होतं, पत्रिका छापखान्यातून यायच्या. पहिल्या वर्षी सहावीची सृष्टिज्ञानाची पत्रिका मी स्वतः काढली. छापखान्यातून निरोप आला की पाचव्या प्रश्नात काहीतरी गडबड आहे, मधली ओळ राहिलीय बहुतेक. दुसऱ्या दिवशी नवे चिटणीस कच्चा कागद घेऊन माझ्या खोलीत आले. तरुण होते, सभ्य होते.

"बाई, हे 'पाळीव बोकड व चतुर यांची तुलना करा' असं आलंय. कुणीतरी उतरवून घेताना गाळलंय. कुणाची चूक आहे, बघायला हवं."

मी कागद हातात घेतला, चष्मा पुसला. भिंतीवर कॅप्टनसाहेब होता, दाढीला अजून कुंकू.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "फार जुनी आहे, आणि तेव्हा सांगायची राहिली." ते गोंधळून बघत राहिले. मी कागद त्यांच्याकडे परत दिला. "पण तो तसाच छापा. प्रश्न माझा आहे."